ऑनलाइन धंद्यात आधी गिऱ्हाईक ठरवा, माल मागाहून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ठाणे, डोंबिवली, वाशी, पनवेल या स्थानकांबाहेर ‘घरबसल्या ऑनलाइन व्यवसाय’ शिकवणाऱ्या वर्गांची पत्रके सर्रास वाटली जातात. दुकानाचे पान कसे उघडायचे, फोटो कसे काढायचे, जाहिरात कशी लावायची हे तिथे बरे शिकवतात. विकायचे कोणाला, यावर मात्र अर्धा तासही खर्च होत नाही. ‘तुमचे नीश मार्केट (बाजारातला एका नेमक्या गिऱ्हाइकाचा छोटा कोपरा) शोधा’ असे फळ्यावर लिहिले जाते आणि लगेच सध्या खपणाऱ्या वस्तूंची यादी हातात पडते. तीच यादी वर्गातल्या सगळ्यांच्या हातात. मग सगळे त्याच घाऊक व्यापाऱ्याकडून तेच मोबाइल कव्हर आणि त्याच भाजी कापायच्या किसण्या उचलतात आणि एकमेकांपेक्षा पाच रुपयांनी स्वस्त लावत बसतात. सहा महिन्यांत माल पलंगाखाली आणि पान बंद. आम्ही ठाणे आणि नवी मुंबई या दोन शहरांत छोट्या विक्रेत्यांच्या पॅकिंगची, कुरिअरची आणि हिशेबाची कामे करतो. खपणाऱ्या वस्तूंची आणखी एक यादी आमच्याकडे नाही. पण एखादी कल्पना धंद्याच्या लायकीची आहे की नाही हे तपासण्याची रीत आहे, ती आपल्या वाचकांपुढे ठेवावी म्हणून हे पत्र.

‘मी नऊवारी विकते’ हे वाक्य अर्धवट आहे. शिवलेली नऊवारी विकणारे हजारो आहेत: लग्नाची, डोहाळजेवणाची, लहान मुलींची, रेशमी, सेमी-पैठणी. त्या गर्दीत नवा माणूस किमतीवरच लढणार आणि हरणार. आता हेच वाक्य ढोल-ताशा पथकातल्या मुलींपर्यंत आणून पाहा. त्यांची अडचण वेगळी आहे. ढोलाचा पट्टा कमरेवर घासतो, त्यामुळे कमरेच्या निऱ्या सरकतात आणि कासोटा ओढला जातो. मिरवणूक सहा-सात तास चालते, घाम येतो, म्हणून सिंथेटिक कापड अंगाला चिकटते. फोन ठेवायला खिसा हवा असतो. आणि गणपती येतात भाद्रपदात, म्हणजे भर पावसात पांढऱ्या नऊवारीवर लाल काठाचा रंग उतरला की पूर्ण पथकाचे पोशाख वाया.

एवढे कळले की माल कसा असावा हे आपोआप ठरते. सुती कापड, कमरेला चार बोटे रुंद पट्टी, तिच्यावर निऱ्या दोनदा शिवलेल्या, इलॅस्टिकसोबत नाडीही (नुसते इलॅस्टिक ओले झाले की ढिले पडते), उजव्या बाजूला चेन लावलेला खिसा. काठाच्या कापडाचे ठाण वापरायला घेण्यापूर्वी तळहाताएवढा तुकडा मिठाच्या पाण्यात अर्धा तास भिजवावा, पांढऱ्या फडक्यात गुंडाळून वरून गरम इस्त्री फिरवावी. फडक्याला रंग लागला तर ते ठाण परत करावे, मग भाव कितीही चांगला असो. मापे चार घ्यायची: कंबर, बैठक, मांडी, आणि कमरेपासून घोट्यापर्यंतची उंची. नुसते एम-एल-एक्सएल लिहून घेतले की मांडीत घट्ट होते आणि बदलून मागतात, कारण कासोट्याचा सगळा ताण तिथेच असतो. चाळीस नगांच्या ऑर्डरमध्ये मोठ्या मापाचे दोन-तीन नग जास्तीचे शिवून ठेवावेत.

या गिऱ्हाइकाची आणखी एक मोठी सोय आहे. ते कुठे सापडते हे माहीत असते. प्रत्येक पथकाचे समाजमाध्यमांवर पान असते, त्यावर संपर्काचा क्रमांक असतो, खरेदी एक-दोन जण ठरवतात आणि पैसे एकत्र येतात. ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याण, ऐरोली, नेरूळ, पनवेल इथल्या पथकांची यादी बसून दोन दिवसांत होते. समजा ४० पथके निघाली आणि प्रत्येकात सरासरी ४० मुली, तर १,६०० नग झाले. दहातल्या एकीने घेतली तर १६०. नगामागे २५० रुपये सुटले तर मोसमाला ४०,००० रुपये. हा आकडा कागदावर आला की प्रश्न सरळ होतो: एवढ्यावर भागते का? जोडधंदा म्हणून भागत असेल. पोटासाठीचा धंदा म्हणून नाही भागणार. मग शेजारचे गिऱ्हाईक जोडावे लागेल, उदाहरणार्थ शाळांची लेझीम पथके किंवा लोकनृत्याचे गट. आणि वेळ चुकवून चालत नाही. सराव आषाढाच्या आसपास सुरू होतो, पोशाखाचा निर्णय त्याच सुमारास होतो. श्रावणात नमुना घेऊन जाणाऱ्याला ‘पुढच्या वर्षी बघू’ एवढेच ऐकायला मिळते.

असे कोपरे शोधायला ठाणे जिल्ह्यासारखी जागा नाही, असे आमचे मत आहे. इथे गिऱ्हाइकाइतकाच मालही हाताशी आहे. भिवंडीत कापड आहे. तुर्भे, रबाळे, महापे पट्ट्यात आणि वागळे इस्टेटमध्ये प्लॅस्टिक मोल्डिंग, पत्राकाम, लेझर कटिंग करणारे छोटे कारखाने आहेत, त्यांतले काही शे-दोनशे नगांचे कामही घेतात. वाशीच्या एपीएमसीत (कृषी उत्पन्न बाजार समितीत) मसाला बाजार आणि धान्याचे दाणाबंदर आहे. कोळीवाड्यांत आणि आगरी गावांत असे हात आहेत ज्यांच्या मसाल्याची चव कारखान्याला जमत नाही. ज्याचा माल सुरतेहून किंवा दिल्लीहून येतो त्याला नमुना बदलून घ्यायला पंधरा दिवस लागतात, तुम्हाला एक फेरी पुरते. हा फायदा जिथे लागू पडतो तोच कोपरा निवडावा. पितांबरी ठाण्याचीच. भांड्यांच्या साबणांची बाजारात कमी नव्हती, पण देवघरातली तांब्या-पितळेची भांडी हा वेगळा विषय आहे हे तिने ओळखले. इंटरनेट असो नसो, रीत तीच.

मागणी तपासताना पहिली ठेच भाषेत लागते. आपले लोक एकच वस्तू चार तऱ्हांनी शोधतात: देवनागरीत, रोमन लिपीत मराठी, हिंदी नावाने, आणि इंग्रजी नावाने. रोमनमध्येही स्पेलिंग दोन-तीन. मोदकाचा साचा घ्या. ‘साचा’, ‘मोल्ड’, ‘मोदक मेकर’ हे तिन्ही शब्द वेगवेगळ्या घरांतून येतात. गूगलच्या शोधपट्टीत प्रत्येक रूप टाइप करून खाली आपोआप येणाऱ्या सूचना वहीत उतरवाव्यात. त्या सूचना लोकांच्या प्रत्यक्ष शोधांवरून येतात, म्हणून ‘मोदक साचा पितळी’, ‘मोदक साचा २१ नग’ अशा शेपट्या दिसल्या तर त्या शेपटीतच गिऱ्हाईक बसलेले असते.

मग गूगल ट्रेंड्स, म्हणजे कोणता शब्द कधी किती शोधला गेला याचा आलेख दाखवणारे गूगलचे पान. तिथे प्रदेश महाराष्ट्र आणि काळ पाच वर्षे निवडावा. आलेखावरचे ० ते १०० हे आकडे सापेक्ष असतात. १०० म्हणजे त्या काळातला सर्वांत वरचा बिंदू, शंभर लोक नव्हेत. वर्गांत हा आलेख दाखवून ‘मागणी शंभरावर गेली’ असे सांगितले जाते, तेव्हा खुशाल उठून यावे. त्या आलेखाचा खरा उपयोग दोन शब्दांची तुलना करण्यासाठी आणि मोसम कळण्यासाठी. वर्षातून एकच टोकदार सुळका येत असेल तर उरलेले अकरा महिने काय विकणार, याचे उत्तर आधी हवे. महिन्याला अंदाजे किती शोध होतात हे गूगलच्या कीवर्ड प्लॅनरमध्ये पट्ट्यांत दिसते, म्हणजे १०० ते १,००० असे. तेवढे पुरेसे आहे.

सगळ्यात उपयोगी माहिती मात्र फुकट पडलेली असते आणि कोणी वाचत नाही: दुसऱ्यांच्या मालावरचे अभिप्राय. पाच तारेवाले आणि एक तारेवाले सोडून द्यावेत; एकात नुसती स्तुती, दुसऱ्यात कुरिअरवाल्यावरचा राग. तीन तारेवाले वाचावेत. ‘चांगले आहे, पण…’ असे तेच लिहितात. शंभरएक अभिप्राय वाचून त्या ‘पण’पुढची तक्रार एका तक्त्यात मांडावी: माप, वास, गळती, रंग, सुटा भाग मिळत नाही, सूचना कळत नाहीत. एकच तक्रार पंधरा-वीस वेळा आली आणि ती तुम्हाला इथल्या कारागिराकडून दूर करून घेता येत असेल, तर थांबून विचार करण्यासारखे काही तरी हाती लागले. चकलीच्या सोऱ्याचे उदाहरण बघा. सोऱ्या वर्षानुवर्षे टिकतो, चकती हरवते किंवा झिजते. नवी चकती मिळते पण व्यास एक-दोन मिलिमीटरने वेगळा, म्हणून बाजूने पीठ वर येते. सुट्या चकत्या मिलिमीटरमध्ये माप देऊन, पट्टी शेजारी ठेवून काढलेल्या फोटोसह विकणे हा छोटासा पण सरळ धंदा आहे. मोजायचे कसे (नळकांड्याचा आतला व्यास, बाहेरचा नाही) हे चित्राने दाखवले नाही तर मात्र निम्मा माल परत येईल.

आता हिशेब, कारण बहुतेक छान कल्पना इथे बुडतात. घरगुती आगरी मसाल्याचे २५० ग्रॅमचे पाकीट ३०० रुपयांना विकायचे ठरले. समजा जिन्नस, भाजणे आणि दळण मिळून १३० रुपये, पाऊच आणि लेबल ९, खोका-टेप १२, राज्यातल्या राज्यात ५०० ग्रॅमपर्यंतचे कुरिअर ६५, आणि ऑनलाइन पैसे घेण्याचे शुल्क दोन टक्के अधिक त्यावरचा जीएसटी, म्हणजे ७. बेरीज २२३. उरले ७७ रुपये, त्यात तुमची मजुरी अजून धरलेली नाही. जाहिरातीवर २,००० रुपये घालून १५ ऑर्डरी आल्या तर प्रत्येक नवे गिऱ्हाईक १३३ रुपयांना पडले. पहिल्या विक्रीत ५६ रुपये खिशातून गेले.

याला दोनच उपाय. एक, तेच गिऱ्हाईक जाहिरातीशिवाय परत यावे, आणि मसाला हा जिन्नस त्यासाठी चांगला, कारण दीड-दोन महिन्यांत डबा रिकामा होतो. ढोल पथकाच्या नऊवारीचे तसे नाही. दोन, एका खोक्यात जास्त माल जावा. पण इथे कुरिअरचा टप्पा आडवा येतो. २५० ग्रॅमची दोन पाकिटे अधिक पाऊच, खोका आणि टेप मिळून वजन ५७०-५८० ग्रॅमवर जाते आणि बिल एक किलोच्या टप्प्याचे लागते, समजा १०५ रुपये. सत्तर-ऐंशी ग्रॅमपायी चाळीस रुपये. तेच पाकीट २०० ग्रॅमचे करून २४० रुपयांना लावले, तर दोन पाकिटे खोक्यासह ४७० ग्रॅमच्या आत बसतात. विक्री ४८०, जिन्नस २०८, पाऊच १६, खोका १३, कुरिअर ६५, शुल्क ११, एकूण ३१३, शिल्लक १६७. म्हणून पाकिटाचे वजन ठरवायला स्वयंपाकघरातल्या अंदाजापेक्षा कुरिअरचा दरफलक समोर घ्यावा. रिकाम्या खोक्याचे वजन डिजिटल काट्यावर, टेप लावून, मोजावे.

मसाल्याबद्दल आणखी थोडे, कारण या भागात सर्वांत जास्त विचारणा त्याचीच होते. ‘घरगुती मसाला’ नावाने विकू नका, त्या नावाखाली सगळा महाराष्ट्र उभा आहे. सुक्या मासळीच्या कालवणासाठी, चिंबोरीच्या रश्शासाठी, वालाच्या बिरड्यासाठी अशी वेगवेगळी छोटी पाकिटे आणि प्रत्येकावर दोन माणसांच्या रश्शाला किती चमचे ते लिहिलेले, हा माल पुण्या-नाशिकला राहायला गेलेल्या इथल्याच लोकांना हवा असतो. मिरची मात्र हंगामात घ्यावी लागते. नव्या पिकाची मिरची फेब्रुवारीपासून बाजारात येते आणि वाळवण करायला एप्रिल-मेचे ऊनच कामाचे. म्हणजे वर्षभर विकायच्या मालाचे पैसे वसंतातच अडकतात. ही रक्कम आधी वेगळी काढलेली नसेल तर ऑगस्टमध्ये महाग आणि ओलसर मिरची घ्यायची वेळ येते. दळून आणलेला मसाला पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नये. गरम भरला की पाऊचच्या आत दमटपणा धरतो, गुठळ्या होतात आणि जुलैत बुरशीची तक्रार येते. एकपदरी प्लॅस्टिकची पिशवी चालत नाही, तेल आणि वास दोन्ही बाहेर येतात आणि खोक्याला डाग पडतो. आतून चंदेरी थर असलेला तीनपदरी पाऊच घ्यावा, सीलची पट्टी १० मिलिमीटर रुंद असावी, आणि सील करण्याआधी तोंडाच्या आतल्या कडा कोरड्या कापडाने पुसाव्यात. कडेला मसाल्याची भुकटी राहिली की सील वरून नीट दिसते आणि दाबले की उघडते. दर पंचवीस पाकिटांतले एक दोन्ही तळहातांत दाबून पाहावे.

आकारमानाचे वजन हा दुसरा खड्डा. हलक्या पण मोठ्या मालाचे वजन कुरिअरवाले लांबी, रुंदी आणि उंची यांच्या सेंटिमीटरमधल्या गुणाकाराला बहुधा ५,००० ने भागून काढतात. तयार आकाशकंदील ३० × ३० × ४० सेंटिमीटरच्या खोक्यात घातला की ३६,००० भागिले ५,०००, म्हणजे ७.२ किलो. कंदिलाचे खरे वजन ३५० ग्रॅम. पैसे सात किलोंहून जास्तीचे. तोच कंदील घडीचा केला, ४२ × ३२ × ३ सेंटिमीटरच्या चपट्या पाकिटात, तर ०.८१ किलो. घोडबंदर रोडच्या आणि खारघरच्या अनेक नव्या संकुलांत बाल्कनीच्या बाहेर काही लटकवू देत नाहीत, त्यामुळे खिडकीच्या आत मावणारा, घडी घालून पुढच्या वर्षी वापरता येणारा लहान कंदील हे खरेखुरे गिऱ्हाईक आहे. फक्त जोडणी पाच मिनिटांत झाली पाहिजे. ती ज्याने कंदील कधी पाहिला नाही अशा शेजाऱ्याच्या मुलाकडून करून घ्यावी. तो जिथे अडेल तिथे खूण छापावी.

कॅश ऑन डिलिव्हरी पहिल्या दिवसापासून देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. शंभरातली वीस पार्सले परत आली, जाण्याचे ६५ आणि परतीचे ६५ धरले, तर २,६०० रुपये गेले. ते उरलेल्या ८० ऑर्डरींवर वाटले की प्रत्येकीवर साडेबत्तीस रुपये चढतात. मघाच्या ७७ रुपयांतले ४४ उरले. परत आलेला मसाला पुन्हा विकता येत नाही, ते वेगळेच. नेमक्या गरजेचे गिऱ्हाईक आधी पैसे देते. ते देत नसेल तर एक तर तुमच्यावर विश्वास बसलेला नाही, किंवा त्याची गरज तुम्ही समजता तेवढी मोठी नाही.

म्हणूनच चाचणी पैशाने करावी. ‘हे आणले तर घ्याल का?’ या प्रश्नाला आपल्याकडे कोणी नाही म्हणत नाही. पंधरा-वीस नग बनवावेत, किंमत पूर्ण लावावी (ओळखीपाळखीची सूट नको, नाहीतर काहीच कळत नाही), एका पानावर फोटो, माप, किंमत, पोहोचण्याचे दिवस आणि यूपीआयचा कोड द्यावा. जाहिरात लावायचीच तर दीड-दोन हजारांची आणि मोजक्या पिनकोडवर: ठाण्याचा ४००६०१, नौपाड्याचा ४००६०२, वाशीचा ४००७०३, ऐरोलीचा ४००७०८, खारघरचा ४१०२१०. पूर्ण महाराष्ट्र निवडला की पैसे दोन तासांत संपतात आणि कोणत्या वस्तीत काय चालले ते कळत नाही. दोन आठवड्यांत अनोळखी माणसांकडून दहा जणांचे पैसे आले तर पुढचा माल भरावा. तीन आले तर त्या तिघांना फोन करावा आणि त्यांनी का घेतले ते विचारावे. बऱ्याचदा त्यांनी वेगळ्याच कारणासाठी घेतलेले असते आणि खरा कोपरा तिथे असतो. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण मावतात, पण ज्यांनी तुमचा क्रमांक आपल्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच निरोप पोहोचतो, तेव्हा पहिल्या पार्सलमध्येच क्रमांक साठवण्याची विनंती छापलेली असू द्या.

कायद्याचे थोडक्यात, कारण कोपरा निवडतानाच त्याचा विचार करावा लागतो. खाद्यपदार्थाला एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागते. छोट्या उत्पादकाला वर्षाला १०० रुपयांत ती मिळते आणि तिचा १४ आकडी क्रमांक लेबलवर छापावा लागतो. शाकाहारीला हिरवे वर्तुळ, आणि चटणीत सुका जवळा असेल तर तपकिरी त्रिकोण. निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, उत्पादनाचा महिना-वर्ष, पूर्ण पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क हे वैधमापन नियमांनी बंधनकारक आहे. ‘मधुमेह बरा करते’ असले दावे खाद्यपदार्थावर चालत नाहीत. उटणे आणि साबण विकण्यासाठी बनवायला उत्पादन परवाना लागतो, तो स्वयंपाकघराला मिळत नाही. दिवाळीपूर्वी घरोघरी उटणे भरणाऱ्या बऱ्याच जणींना हे ठाऊकच नसते. त्यांनी परवाना असलेल्या उत्पादकाकडून बनवून घ्यावे. लाकडी भातुकलीवरही तेच सांगणे आहे. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिराने बनवून विकलेल्या मालाला सूट आहे. म्हणजे भातुकली विकायची तर आधी नोंदणीकृत कारागीर गाठा.

जीएसटीबाबत गैरसमज सगळ्यांत जास्त. मालाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर राज्यातल्या राज्यात विकायला नोंदणी लागत नाही, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून ही सवलत मोठ्या ऑनलाइन बाजारांवर विकणाऱ्यांनाही आहे. पॅनवर आधारित नावनोंदणी क्रमांक तेवढा घ्यावा लागतो. पण करपात्र मालाचे एकही पार्सल राज्याबाहेर गेले की उलाढाल कितीही असो, नोंदणी आली. बेळगाव किंवा पणजीची ऑर्डर नोंदणी नसलेल्याने घेऊ नये. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना यात वेगळी सवलत आहे. छोट्या उद्योगांसाठीची ‘उद्यम’ नोंदणी सरकारी संकेतस्थळावर पूर्णपणे मोफत होते. तिचे पैसे मागणारी खासगी पाने अगदी सरकारी दिसतात. नावाचा ट्रेडमार्क व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला मालाच्या एका वर्गासाठी ऑनलाइन अर्जात ४,५०० रुपयांत करता येतो. तो माल चालतो हे कळल्यावर करावा, पण नाव आधीच कोणाचे आहे का हे पहिल्या लेबलाच्या छपाईआधी शोधून घ्यावे. शोधायला पैसे पडत नाहीत, हजार लेबले फेकायला पडतात.

परदेशातल्या मराठी लोकांना फराळ पाठवू, ही कल्पना दर दिवाळीला नव्याने सुचते. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद केली आहे, हे लक्षात न घेता जुन्या दरपत्रकावर ऑर्डरी घेणाऱ्यांचे हाल होतात. पहिली दोन वर्षे पुणे, नाशिक, बंगळूरच्या गिऱ्हाइकावर हात बसवावा. बंगळूर म्हणजे जीएसटी आलाच.

शेवटी एक मागणी. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या मदतीने महिला बचत गटांची प्रदर्शने भरतात. तिथे प्रत्येक स्टॉलवर दिवसभरात शेकडो लोक येऊन ‘हे आहे का, ते आहे का’ विचारतात आणि ‘नाही’ ऐकून पुढे जातात. बिनतिखट मेतकूट, कमी गुळाची चिक्की, एका माणसापुरते थालीपीठ भाजणीचे पाकीट, डावखुऱ्यांसाठी विळी. यातला एकही प्रश्न कुठे लिहून ठेवला जात नाही. प्रत्येक स्टॉलला एक वही द्यावी आणि तिच्यात तीनच रकाने असावेत: काय मागितले, कोणासाठी, कुठे राहतात. नाव-फोन नको. प्रदर्शन संपताना समाज विकास विभागाने वह्या गोळा कराव्यात, एकत्र नोंदी करून महिन्याभरात सर्व गटांना आणि जिल्हा उद्योग केंद्राला द्याव्यात, आणि पुढच्या प्रशिक्षण वर्गात मघाच्या मसाल्यासारखा पार्सलचा हिशेब प्रत्येक गटाकडून स्वतःच्या मालावर करून घ्यावा. गणपतीआधीच्या प्रदर्शनांपासून हे सुरू करायला वेगळी तरतूदही लागणार नाही.

आपले,
ऑनलाइन विक्रीच्या कामातील काही वाचक,
ठाणे व नवी मुंबई